गोळी 1912ची, कायदा 1999चा

आजचा विषय फिट येणं. आकडी, मिरगी, फेफरं, अपस्मार... आपल्याकडे याला नावं भरपूर, आणि उपाय ठरलेला: कांदा हुंगवा, नाहीतर चप्पल.

खरं औषध मात्र शंभरेक वर्षं जुनं आहे. फिट म्हणजे मेंदूतल्या विजेच्या संदेशांचा अचानक उडालेला गोंधळ. तो आवरायला जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी 1912 मध्ये फेनोबार्बिटोन वापरलं. 1938 मध्ये फेनिटॉइन आलं. दोन्ही स्वस्त. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, नीट उपचार मिळाले तर 100 पैकी 70 जणांच्या फिट थांबू शकतात.

आता कायद्याकडे या. 1955च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा उल्लेखच नव्हता. तो 1976च्या दुरुस्तीत घातला गेला, तोही थेट वेडाच्या शेजारी! वारंवार फिट येत असतील तर लग्न कोर्टात रद्द करता यायचं. म्हणजे औषध पुढे चाललेलं आणि कायदा मागे. विशेष विवाह कायद्यातही तेच. मुंबईचे डॉ. एडी भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली इंडियन एपिलेप्सी असोसिएशन याविरुद्ध लढली, आणि 1999 मध्ये संसदेने तो शब्द काढला. तेवीस वर्षं लागली.

कायद्यातून शब्द गेला, पण घरातून? पुण्यात यशोदा वाकणकर यांना अपस्मार असलेल्यांसाठी ‘संवेदना’ गट चालवावा लागला, वेगळे विवाह मेळावे घ्यावे लागले. यातच उत्तर आलं.

आणि आपल्या सफाळ्यात? 2013 मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली, 2014 मध्ये पालघर जिल्हा झाला. तरी मेंदूविकारतज्ज्ञ म्हटलं की बहुतेकांची वाट अजून मुंबईकडेच जाते. केईएम किंवा नायरला जायचं म्हणजे एक दिवसाचा रोज बुडाला. मग माणूस म्हणतो, दोन महिने फिट आली नाही ना, बास झाल्या गोळ्या. इथेच घात होतो, कारण गोळी अचानक सोडली की फिट आधीपेक्षा जोरात येऊ शकते. गावोगावची शिबिरं चांगलीच, निदान तिथे होतं. पण शिबिर एक दिवसाचं, गोळी रोजची. मला विचाराल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या दर महिन्याला न चुकता मिळणं हे नव्या इमारतीपेक्षा मोठं काम आहे. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत मशीनवर उभा राहणारा पोरगा नोकरी जाईल म्हणून आजार लपवतो, त्याच्यासाठी तर नक्कीच.

आणि लोकलमध्ये कुणाला फिट आलीच, तर एका कुशीवर वळवा, डोक्याखाली बॅग द्या, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर पुढच्या स्टेशनला उतरवून 108 लावा. चप्पल पायातच राहू द्या.