मिश्र शीतकांची अर्धवट परीक्षा

हीट पंपात दोन-तीन शीतके मिसळून वापरली तर वीज वाचते का, या प्रश्नाला कधी होकार मिळाला, कधी नकार. निकालांच्या या धरसोडीचे मूळ मला मिश्रणांपेक्षा त्यांच्या चाचण्यांत दिसते. शुद्ध शीतकाची वाफ ठरावीक दाबाला एकाच तापमानावर द्रवरूप होते. त्या उष्णतेने तापणाऱ्या पाण्याचे तापमान मात्र वाटेत चढत जाते. दोघांतले अंतर जितके मोठे, तितके कॉम्प्रेसरचे काम वाया. यंत्राच्या चक्राने पाण्याच्या बदलत्या तापमानाशी जुळवून घ्यावे, हा विचार जर्मन अभियंता हान्स लॉरेन्झ याने १८९० च्या दशकातच मांडला होता. वेगवेगळ्या तापमानांना उकळणाऱ्या शीतकांचे मिश्रण द्रवताना आपले तापमान बदलत जाते, म्हणून ते या कामी येते. अट एकच, पाणी आणि मिश्रण परस्परविरुद्ध दिशांनी वाहिले पाहिजे.

तुलना कशाच्या आधारे करायची, हा प्रश्न मॅकलिंडन आणि राडेरमाखर या संशोधकांनी १९८७ साली नेमका हाताळला. क्षमतेच्या प्रमाणात उष्णता-विनिमयाचे क्षेत्रफळ सारखे ठेवावे, नाहीतर निकाल हवा तसा फिरतो, असे त्यांनी दाखवले. त्याच वर्षी ओझोन थर वाचवण्यासाठी मॉन्ट्रियल करार झाला आणि पुढे आर-२२ या रूढ शीतकाला पर्याय शोधणे भाग पडले. आर-४०७सी हे तीन शीतकांचे मिश्रण. द्रवताना त्याचे तापमान पाचेक अंश सरकते. पण ते बहुतेक आर-२२ च्याच यंत्रांत भरले गेले, जिथे हवा नळ्यांना आडवी जाते. सरकत्या तापमानाचा फायदा तिथे मिळणार कसा? आर-४१०ए मध्ये दोन शीतके निम्मी-निम्मी, आणि ते जवळजवळ शुद्ध शीतकासारखे वागते. त्याचा दाब जास्त असल्याने यंत्रेच नव्याने घडवावी लागली. बाजार त्याने जिंकला. त्याचे स्वतःचे गुण होतेच, तरीही ही स्पर्धा बरोबरीची नव्हती.

गळती झाली की सहज उडणारा घटक आधी जातो आणि प्रमाण बिघडते, हा आक्षेप खरा आहे. कारखान्यातच सीलबंद होणाऱ्या यंत्रांत त्याचे वजन कमी होते. मिश्रणात उष्णतेचे वहन मंदावते, हेही खरे. म्हणूनच क्षेत्रफळ धरून मोजायचे, म्हणजे हा तोटा हिशेबात येतो. खोलीच्या हवेचे तापमान थोडेच बदलते, तिथे मिश्रणाचा आग्रह मीही धरणार नाही. थंड पाणी खूप तापवायचे असेल तिथे मात्र त्याला पुन्हा संधी द्यायला हवी. अशा चाचणीच्या अहवालात प्रवाहाची दिशा आणि क्षेत्रफळ दिलेले नसेल, तर त्यातला टक्केवारीचा आकडा अभियंत्यांनी ग्राह्य धरू नये.