राउटर घेताना आधी काय बघायचं?

दुकानात राउटर मागितला की 'किती अँटेनाचा देऊ?' असं विचारतात. अँटेना मोजून फारसं काही कळत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या सावद्यात वेगळेच प्रश्न आधी विचारायला हवेत.

पहिला प्रश्न, राउटर लागणार आहे का? फायबर कनेक्शनसोबत येणारा डबा, म्हणजे ओएनटी, तारेतून आलेल्या प्रकाशाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करतो. अनेक ओएनटींमध्ये वाय-फाय असतंच. दोन-तीन खोल्यांना ते पुरतं. त्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लागला असेल, तर सिग्नल फायबरमध्येच अडकलाय. तेव्हा नवा राउटर घेणं म्हणजे पैसे वाया.

घ्यायचाच असेल तर गिगाबिट पोर्टचा घ्या. स्वस्त राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात, मग २०० चा प्लॅन घेऊनही वेग शंभरीच्या आतच राहतो. ड्युअल बँडही हवा: ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण जुन्या वाड्याच्या जाड भिंतीपुढे ढेपाळतो. तिथे २.४ कामाला येतो.

आता उन्हाळा. घरगुती राउटर बहुधा ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. पत्र्याखाली किंवा बंद कपाटात ठेवला तर दुपारी तो अडखळणारच. भिंतीवर, हवा लागेल असा लावा.

वीज गेली की खरी अडचण होते. केळीची गाडी भरताना व्यापाऱ्याचं पेमेंट, भावाचे मेसेज सगळं थांबतं. मिनी यूपीएस घेताना व्होल्ट अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेत तेवढेच हवेत (बहुधा १२). अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप द्या. नुसता राउटर चालू राहिला तर वाय-फाय दिसेल, इंटरनेट नसेल. घरी इन्व्हर्टर आहे आणि तरी वीज जाताच राउटर रीस्टार्ट होतो? इन्व्हर्टरचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का पाहा.

ऑफिसपासून गोदाम लांब असेल तर लॅन केबल १०० मीटरपर्यंतच भरवशाची. शिवाय उघड्यावरून नेलेली तांब्याची केबल पावसाळ्यात विजेचा धक्का दोन्हीकडच्या उपकरणांपर्यंत आणू शकते. तिथे धातूची तार नसलेली फायबर टाकून घ्या, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावून.