नळदुर्ग-उमरगा परिसरातील १९४८ चे खंदक : लष्करी नकाशा-संदर्भ कसा वाचावा?

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्याने सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात प्रवेश केला आणि पश्चिम आघाडीवरील पहिली चकमक नळदुर्ग येथे झडली. सातव्या ब्रिगेडने बोरी नदीवरील पूल शाबूत ताब्यात घेतला. त्यानंतर दुसऱ्या शीख पलटणीने पहिल्या हैदराबाद इन्फन्ट्रीच्या ठाण्यांवर हल्ला केला. सकाळी नऊच्या सुमारास चिलखती दल आठ किलोमीटरवरील जळकोटला, तर दुपारी सव्वातीनला उमरग्यास पोहोचले. दुसऱ्या एका तुकडीला तुळजापुरात हैदराबादी सैनिक व सुमारे दोनशे रझाकारांनी दोन तास झुंजवले. लोहाऱ्याच्या दिशेने होणारी पुढची वाटचाल मात्र नदीला पूर आल्याने खोळंबली. ही सर्व स्थळे आजच्या धाराशिव जिल्ह्यात आहेत. त्या दिवशी सैनिक ज्या चरांत बसले, ते नेमके कोठे होते याची खूण आज जमिनीवर शोधावी लागते. या कारवाईचा अधिकृत इतिहास डॉ. एस. एन. प्रसाद यांनी लिहिला असून संरक्षण मंत्रालयाने तो १९७२ मध्ये प्रसिद्ध केला.

लष्करी अहवालात जागेचा उल्लेख बहुधा आकड्यांत असतो. असा संदर्भ हाती आल्यास सर्वप्रथम नकाशाचा क्रमांक पाहावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पद्धतीत चार अंश लांब व चार अंश रुंद अशा चौकोनास एक क्रमांक, त्यातील एकेका अंशाच्या चौकोनास इंग्रजी अक्षर आणि त्याच्याही सोळा भागांस १ ते १६ असे आकडे दिलेले असतात. गंमत अशी, की ७६ अंश पूर्व रेखावृत्त धाराशिव शहराच्या पश्चिमेस काही किलोमीटरवरूनच जाते. त्यामुळे जिल्हा दोन क्रमांकांत विभागला गेला आहे. परंडा व भूम ४७ मध्ये पडतात, तर धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग व उमरगा ५६ मध्ये. तुळजापूर ५६ बी/४ वर, नळदुर्ग ५६ सी/५ वर आणि उमरगा ५६ सी/९ वर सापडेल. नव्या ओपन सिरीज नकाशांत सबंध जिल्हा 'ई ४३' या गटात येतो, त्यामुळे जुना क्रमांक घेऊन नवा नकाशा मागणाऱ्याची फसगत होते.

यानंतर सहा आकडी संदर्भ. समजा, ४३७२८६ असा आकडा आहे. पहिले तीन आकडे पूर्वेकडचे, शेवटचे तीन उत्तरेकडचे. ४३ क्रमांकाची उभी रेषा व २८ क्रमांकाची आडवी रेषा जेथे छेदतात, तेथून उजवीकडे चौकोनाचे सात दशांश व वर सहा दशांश मोजावेत. आधी उजवीकडे, मग वर, हा क्रम कधीही उलटा करू नये. हेच आकडे ठरावीक अंतराने इतरत्रही येतात, म्हणून नकाशाच्या क्रमांकावाचून त्यांस काही अर्थ नाही.

येथे दोन अडचणी उद्भवतात. त्या काळची लष्करी जाळी वारांत आखलेली होती, आजची मीटरमध्ये आहे. एक हजार वार म्हणजे ९१४ मीटर. जुना आकडा नव्या जाळीवर तसाच बसवला तर माणूस भलत्याच शिवारात जाऊन उभा राहतो. दुसरी अडचण अक्षांश-रेखांशांची. जुने नकाशे एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या गणितावर आधारलेले आहेत आणि मोबाइलमधील जीपीएस निराळे गणित वापरते. या भागात तेवढ्यानेच शंभर मीटरहून अधिक फरक पडतो. म्हणून पूल, किल्ल्याचा बुरूज, जुनी विहीर अशा दोन्ही नकाशांवर दिसणाऱ्या तीन-चार खुणा पडताळून फरक काढावा आणि मगच पुढे जावे.

पहिल्या महायुद्धातील फ्रान्सची गोष्ट वेगळी होती. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या विसाव्या व एकविसाव्या कंपन्या न्यूव्ह शापेल येथे लढल्या. त्या आघाडीचे पुढे मोठ्या प्रमाणावरील नकाशे निघाले, त्यांवर खंदकांच्या रेषाच छापलेल्या असत आणि संदर्भ पाच वारांपर्यंत नेमका देता येई. आपल्याकडील मोहीम पाच दिवसांत संपली. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. एवढ्या अवधीत खंदकांचे नकाशे कोण काढणार? सहा आकडी संदर्भ आपल्याला शंभर वारांच्या चौकोनापर्यंत पोहोचवतो, पुढचे काम जमिनीचे.

आणि जमीन सहजासहजी बोलत नाही. काळ्या रानात चर काही पावसाळ्यांतच बुजतो व नांगराखाली नाहीसा होतो. मुरमाड माळावर मात्र तो उथळ खळग्याच्या रूपाने टिकू शकतो. पण आपला जिल्हा दुष्काळी. रोजगार हमीपासून जलयुक्त शिवारापर्यंत येथे माळांवर मैलोन्‌मैल सलग समतल चर खणले गेले आहेत आणि हौशी शोधक हमखास चकतात ते याच चरांपाशी. पाण्याचा चर उताराला आडवा, लांबलचक व एकसारखा असतो, त्याची माती उताराच्या बाजूलाच टाकलेली असते. सैनिकाचा खंदक आखूड, दोघांपुरता, जेमतेम सहा फूट लांब व दोन फूट रुंद. माती पुढे-मागे दोन्हीकडे. तो टेकडीच्या माथ्यावर नव्हे, तर माथ्याच्या किंचित खाली, जेथून रस्ता वा पूल स्पष्ट दिसेल अशा जागी असतो. हैदराबादी फौजेचा शत्रू पश्चिमेकडून येणार होता, हेही ध्यानात ठेवावे. नळदुर्गात आणखी एक घोटाळा होतो. आपण किल्ल्याच्या खंदकालाही खंदकच म्हणतो, आणि गावकरी प्रथम तोच दाखवतात.

लोहारा व उमरगा तालुक्यांत जुन्या नकाशावरील गावाच्या नावावर विसंबून चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूरसारखी गावे नव्या जागी वसली. नकाशा जुन्या गावठाणाकडे बोट दाखवतो, एस. टी. नव्या गावात उतरवते. सोलापूर-हैदराबाद महामार्गाच्या चौपदरीकरणाने रस्त्याकडेची जमीनही पुष्कळ हलली आहे.

उरतात ती माणसे. 'पोलीस अ‍ॅक्शन'च्या वेळी दहा वर्षांची असलेली मुले आज पंच्याऐंशीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्याकडून जागेची खात्री करून घेण्याचे काम लांबणीवर टाकता येणारे नाही. मात्र विचारताना भान हवे. रझाकारांचे अत्याचार सोसलेली घरे येथे आहेत. तशीच कारवाईनंतरच्या हिंसाचारात माणसे गमावलेली मुस्लिम कुटुंबेही आहेत. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादची गणना केली होती. प्रत्येक जुना खड्डा खंदकच असेल असे नाही, आणि एखाद्या खड्ड्याविषयी कोणी बोलायचे टाळले तर आग्रह धरू नये.

खळगा सापडल्यास तो उकरू नये. नळदुर्गचा किल्ला संरक्षित स्मारक आहे, इतरत्र जमीन कोणाच्या तरी मालकीची असते. जुने काडतूस वा गोळा दिसल्यास हात न लावता पोलिसांना कळवावे. नोंद करताना जुन्या नकाशाचा क्रमांक, मूळ संदर्भ, जीपीएसचा आकडा, खळग्याची लांबी, रुंदी व दिशा, आणि तेथून काय दिसते, हे सर्व लिहावे. छायाचित्र शक्यतो उन्हाळ्यात, सूर्य मावळतीला असताना घ्यावे. तेव्हा गवत वाळलेले असते आणि तिरप्या उन्हात उथळ खळग्याचीही सावली पडते.