मोरोझोव्ह, व्हिक्तोर

मोरोझोव्ह, व्हिक्तोर (जन्म १९५०) : युक्रेनियन गायक, गीतकार-संगीतकार आणि ललित साहित्याचे अनुवादक. सोव्हिएट काळातील ‘अर्निका’ या ल्विव्हच्या वाद्यवृंदातून त्यांचा आवाज प्रथम सर्वदूर पोहोचला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘ने झुरीस!’ या नाट्य-गीतमंडळाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. हॅरी पॉटर ग्रंथमालेचे युक्रेनियन अनुवादक म्हणून त्यांचे नाव पुढे घरोघरी झाले. संगीताच्या इतिहासात आणि अनुवादाच्या इतिहासात त्यांची नोंद बहुधा वेगवेगळी घेतली जाते, परंतु ही दोन्ही कामे एकाच भाषिक गरजेतून उभी राहिली आहेत आणि ती एकत्र पाहिल्याशिवाय त्यांचे महत्त्व ध्यानात येत नाही.

त्यांचा जन्म पश्चिम युक्रेनच्या तेर्नोपिल प्रांतातील क्रेमेनेत्स येथे झाला. किल्ल्याच्या डोंगराखाली वसलेले हे व्होलिन प्रदेशातले जुने गाव पोलिश कवी युलिउश स्वोवात्स्की आणि व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न यांचेही जन्मगाव होय. १९ व्या शतकात ते रशियन साम्राज्यात होते, दोन महायुद्धांच्या दरम्यान पोलंडमध्ये गेले आणि त्यानंतर सोव्हिएट संघाच्या अमलाखाली आले. गावाची सत्ता अशी पालटत गेली, तरी युक्रेनियन भाषेला त्यांपैकी कोणत्याही राजवटीत निर्वेध स्थान मिळाले नाही. रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याने १८७६ मध्ये जर्मनीतील एम्स या गावी मुक्कामाला असताना काढलेला हुकूम या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. ‘एम्सचा हुकूम’ म्हणून इतिहासात ओळखल्या जाणाऱ्या या आदेशाने युक्रेनियन पुस्तकांची आयात बंद केली, या भाषेतील रंगप्रयोग व जाहीर वाचने थांबवली, आणि त्याचबरोबर स्वरलिपीखाली युक्रेनियन गीतांचे शब्द छापण्यास व इतर भाषांतील साहित्याचे युक्रेनियन अनुवाद प्रसिद्ध करण्यास मनाई केली. ऐतिहासिक दस्तऐवज आणि ललित लेखन यांना रशियन वर्णलेखनात का होईना थोडी मुभा राहिली, तरी ही भाषा खेड्यापुरती आणि घरापुरती चालेल, शहराची व जगाची ती होता कामा नये, असाच त्या मनाईचा रोख होता. गाणे आणि अनुवाद या दोन्ही गोष्टी एकाच हुकमाने बंद केल्या गेल्या होत्या, आणि मोरोझोव्ह यांनी पुढे आयुष्यभर केल्या त्या नेमक्या याच दोन गोष्टी.

शिक्षणासाठी ते ल्विव्ह येथे आले. हे शहर १९१८ पर्यंत ऑस्ट्रियन साम्राज्यात असल्यामुळे एम्सच्या हुकमाच्या कक्षेबाहेर राहिले होते आणि युक्रेनियन मुद्रणाची परंपरा तेथे अखंड होती. विद्यापीठात असतानाच त्यांचा संबंध कवी ह्रिहोरी चुबाय (१९४९-८२) यांच्याभोवती जमलेल्या तरुण लेखकांच्या गटाशी आला. मिकोला र्‍याबचुक आणि ओलेह लिशेहा हे पुढे नावाजलेले लेखक याच गटातले. १९७१ मध्ये चुबाय यांनी ‘स्क्रिन्या’ (पेटी) नावाचा एक संकलित अंक काढला. तो ‘सामविदाव’ म्हणजे स्वयंप्रकाशन या प्रकारातला होता. सरकारी परवाना व छापखाना दोन्ही टाळून, कार्बन लावून टंकयंत्रावर काढलेल्या प्रती हातोहात फिरवण्याची ही सोव्हिएट काळातील रीत होती. अंकाचा आशय राजकीय नसून साहित्यिक होता, पण परवान्यावाचून काढलेले काहीही त्या काळी गुन्ह्याच्याच सदरात जमा होई. जानेवारी १९७२ मध्ये युक्रेनमधील लेखक-विचारवंतांच्या अटकेची मोठी लाट आली. वासिल स्तूस, इव्हान स्वित्लिच्नी, व्याचेस्लाव्ह चोर्नोव्हिल हे त्या वेळी पकडले गेले, आणि ‘स्क्रिन्या’शी संबंधित तरुणांवरही चौकशीचा ससेमिरा लागला. मोरोझोव्ह यांना या सहभागाची किंमत विद्यापीठातील शिक्षणाने मोजावी लागली. चुबाय यांचे एकही पुस्तक त्यांच्या हयातीत प्रसिद्ध होऊ शकले नाही. त्यांच्या कवितांना चाली लावून त्या गात राहणे हे मोरोझोव्ह यांच्या कामातील एक सलग सूत्र आहे.

‘अर्निका’ हा वाद्यवृंद ल्विव्हमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी उभा राहिला. सोव्हिएट संघात रॉक संगीत या नावाला मान्यता नसल्यामुळे विजेची गिटार व ढोल घेऊन गाणाऱ्या मंडळांना ‘गायन-वादन मंडळ’ असे सरकारी नाव दिले जाई आणि प्रत्येक मंडळ कुठल्यातरी संस्थेला जोडलेले असावे लागे. अर्निकाला शहरातील औषधालय खात्याचा आश्रय होता, म्हणूनच डोंगराळ भागात उगवणाऱ्या एका औषधी वनस्पतीचे नाव मंडळाने घेतले. १९७२ मध्ये मॉस्कोच्या दूरचित्रवाणीवरील नवोदितांच्या अखिल सोव्हिएट स्पर्धेत मंडळाला यश मिळाले आणि ‘मेलोदिया’ या एकमेव सरकारी कंपनीने त्यांची तबकडी काढली. जुनी युक्रेनियन लोकगीते नव्या वाद्यमेळात बसवणे हे मंडळाचे वैशिष्ट्य होते. लोकगीताला मुभा असल्यामुळे रॉकच्या धाटणीचे प्रयोग त्याच्या आडून करता येत, ही गोष्ट त्या पिढीच्या अनेक युक्रेनियन संगीतकारांच्या बाबतीत खरी आहे. कार्यक्रमातील प्रत्येक गाणे आधी कलासमितीपुढे मंजूर करून घ्यावे लागे. ‘चेर्व्होना रुता’ या गीताचे रचनाकार वोलोदिमिर इवास्युक हे याच शहरातले समकालीन होते. १९७९ मध्ये ल्विव्हजवळच्या जंगलात त्यांचा मृतदेह सापडला. अधिकाऱ्यांनी ती आत्महत्या ठरवली, परंतु ल्विव्हकरांनी ते कधीच मान्य केले नाही आणि त्यांच्या अंत्ययात्रेला लोटलेल्या गर्दीत गाणे आणि राष्ट्रभावना यांची सांगड उघड दिसून आली.

‘ने झुरीस!’ (झुरू नकोस!) या मंडळाची स्थापना पेरेस्त्रोइकाच्या, म्हणजे गोर्बाचेव्ह यांच्या सुधारणापर्वाच्या काळात ल्विव्ह येथे झाली. लेखक युरी विन्निचुक, गायक-कवी आंद्री पान्चिशिन, कोब्झा हे तंतुवाद्य घेऊन गाणारे वासिल झ्दान्किन आणि चुबाय यांचे चिरंजीव तारास चुबाय अशी मंडळी मोरोझोव्ह यांच्यासह त्यात होती. कार्यक्रमाचे स्वरूप गाणी, उपरोधिक प्रवेश आणि निवेदन यांच्या मिश्रणाचे असे. सोव्हिएट कारभाराची खिल्ली उडवणाऱ्या विन्निचुक यांच्या संहितांच्या जोडीला ‘सिच रायफलधारी’ पथकाची गाणी म्हटली जात. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सैन्यात लढलेल्या युक्रेनियन स्वयंसेवकांची ही गाणी अनेक दशके बंदीखाली राहिल्यामुळे घरात दबक्या आवाजात म्हटली जात होती. ती रंगमंचावर, पूर्ण आवाजात, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर ऐकू येणे ही त्या काळी साधी घटना नव्हती. सप्टेंबर १९८९ मध्ये चेर्निव्त्सी येथे भरलेल्या पहिल्या ‘चेर्व्होना रुता’ महोत्सवात झ्दान्किन यांना सर्वोच्च पुरस्कार मिळाला. युक्रेन १९९१ मध्ये स्वतंत्र झाला, त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत लोकमत घडवण्यात वृत्तपत्रांइतकाच अशा मंडळांचा वाटा होता, असे म्हणण्यास हरकत नाही. पुढे मोरोझोव्ह यांनी ‘चेत्व्हेर्ती कूत’ (चौथा कोपरा) हा आपला वाद्यवृंद उभारला. कवी कोस्त मोस्कालेत्स यांच्या गीतांचे त्यांनी केलेले गायन विशेष गाजले.

बात्यार गीते हा त्यांच्या गायनाचा एक स्वतंत्र विभाग आहे. ‘बात्यार’ म्हणजे ल्विव्हच्या गल्लीबोळांतला छेलछबीला, हजरजबाबी आणि प्रसंगी दांडगाई करणारा तरुण. महायुद्धपूर्व काळात या तरुणांची पोलिश, युक्रेनियन, यिद्दिश आणि जर्मन शब्दांची सरमिसळ असलेली खास बोली होती आणि त्या बोलीतली गाणी होती. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध गाणे म्हणजे ‘तिल्को वे ल्व्होव्ये’ (फक्त ल्विव्हमध्येच). १९३९ च्या ‘व्वुचेन्गी’ या पोलिश चित्रपटातील या गाण्याचे शब्द एमानुएल श्लेख्तेर यांचे आणि संगीत हेन्रिक वार्स यांचे. दोघेही ज्यू होते. वार्स युद्धानंतर अमेरिकेत गेले, तर श्लेख्तेर यांचा अंत ल्विव्हमध्येच जर्मनांच्या यानोव्स्का छावणीत झाला. ज्या शहराच्या आनंदी स्वभावाचे गाणे त्यांनी लिहिले त्याच शहरात त्यांना मृत्यू आला, आणि युद्धानंतर शहराची बहुसंख्य पोलिश वस्तीही हलवली गेल्यामुळे हे गाणे गाणारे लोकच ल्विव्हमध्ये उरले नाहीत. विन्निचुक यांनी त्याला युक्रेनियन शब्द दिले आणि मोरोझोव्ह यांनी ते गायले. आज ल्विव्हच्या उपाहारगृहांत व रस्त्यांवर ते याच रूपात ऐकू येते. बात्यार परंपरा मुळात पोलिश की युक्रेनियन, याविषयी दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांत एकमत नाही. अनुवादाच्या दृष्टीने पाहता मात्र मोरोझोव्ह-विन्निचुक यांचे हे काम फार मोलाचे आहे, कारण युक्रेनियन भाषेला शेत, शोक आणि शौर्य यांची गाणी भरपूर होती, परंतु शहरी खट्याळपणाची गाणी थोडी होती आणि ती या अनुवादित गीतांनी पुरवली.

अनुवादकार्य : सोव्हिएट काळात अनुवाद हे युक्रेनियन लेखकांचे आश्रयस्थान होते, पण तेही निर्धोक नव्हते. ‘फाउस्ट’ व ‘डेकॅमेरॉन’ युक्रेनियनमध्ये आणणारे मिकोला लुकाश आणि अनेक युरोपीय भाषांतून अनुवाद करणारे ह्रिहोरी कोचुर या दोघांनाही १९७३ मध्ये लेखकसंघातून काढून टाकण्यात आले होते. मोरोझोव्ह यांचे प्रमुख अनुवाद स्वातंत्र्यानंतरचे आहेत. पाउलो कोएलो यांच्या ‘अल्केमिस्ट’ या कादंबरीचा त्यांनी केलेला अनुवाद ल्विव्हच्या ‘कल्वारिया’ या प्रकाशनसंस्थेने काढला. रोआल्ड डाल यांच्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ आणि ‘मटिल्डा’ या बालकादंबऱ्याही त्यांनी युक्रेनियनमध्ये आणल्या.

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालेचे अनुवाद २००२ पासून कीव्हच्या ‘आ-बा-बा-हा-ला-मा-हा’ या संस्थेने प्रसिद्ध केले. कवी इव्हान माल्कोविच यांनी १९९२ मध्ये स्थापन केलेली ही संस्था केवळ मुलांच्या पुस्तकांसाठी निघाली. तिचे नाव इव्हान फ्रांको यांच्या एका कथेतून घेतले आहे, ज्यात शाळेत गेलेला खेड्यातला मुलगा अक्षरे जोडून हा अर्थहीन शब्द घोकतो. त्या काळी युक्रेनच्या बाजारात रशियन पुस्तकांचा पूर होता. मालेतील पहिले पुस्तक, ज्याची मराठी आवृत्ती ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने निघाली, ते रशियन भाषेत आधीच आलेले होते आणि युक्रेनमधील बहुतेक मुले ते रशियनमधून सहज वाचू शकत होती. म्हणजे युक्रेनियन अनुवाद खपायचा असेल, तर तो रशियन अनुवादापेक्षा सरस असणे भाग होते. भाषेवरील निष्ठेपोटी दहा वर्षांचे मूल पुस्तक हातात धरत नाही. माल्कोविच यांनी स्वतः संपादन केले, व्लादिस्लाव्ह येर्को या नामांकित चित्रकाराकडून मुखपृष्ठे करून घेतली, आणि मजकुराची जबाबदारी मोरोझोव्ह यांच्यावर सोपवली.

या अनुवादाची काही वैशिष्ट्ये नोंदवण्याजोगी आहेत. रशियन आवृत्तीत पात्रांची व वसतिगृहांची अनेक नावे बदलली गेली होती. मोरोझोव्ह यांनी ती बव्हंशी मूळ उच्चाराला धरून ठेवली. त्यासाठी त्यांना युक्रेनियन वर्णमालेतील ‘ग’चे स्वतंत्र अक्षर उपयोगी पडले. हे अक्षर १९३३ च्या सोव्हिएट शुद्धलेखनाने रद्द केले होते आणि १९९० मध्ये ते पुन्हा वर्णमालेत घेण्यात आले. जादूच्या शाळेचे नाव, हॅग्रिड, हर्मायनी ग्रेंजर, ग्रिफिंडॉर या सगळ्यांत ते येते, आणि ज्यांच्या आईवडिलांना शाळेत हे अक्षर कधी शिकवलेच गेले नव्हते अशा मुलांच्या डोळ्यांखालून ते या पुस्तकांत पानोपानी गेले. राखणदार हॅग्रिडच्या बोलण्याला मूळ इंग्रजीत प्रादेशिक ढंग आहे. अनुवादात त्याच्या तोंडी हालिचिना, म्हणजे ल्विव्हभोवतीच्या प्रदेशाच्या बोलीच्या छटा येतात. पूर्वेकडील वाचकांना हा पश्चिमी रंग गडद वाटतो, असा आक्षेप घेतला जातो. बात्यार गीतांत मुरलेल्या कानाने घडवलेले हे संवाद मोठ्याने वाचले असता त्यांची लय लगेच जाणवते, आणि प्रस्तुत नोंदीच्या मते तेच या अनुवादाचे खरे बळ आहे. चौथ्या खंडाच्या अनुवादात सोफिया आंद्रुखोविच यांचे सहकार्य होते. पुढे त्या कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आल्या.

सातवा व शेवटचा खंड इंग्रजीत २१ जुलै २००७ रोजी प्रसिद्ध झाला. मूळ मजकूर त्या दिवसापूर्वी कोणत्याही अनुवादकाला दिला जात नसल्यामुळे जगभरच्या अनुवादकांचे काम एकाच वेळी सुरू झाले. सहाशेहून अधिक पृष्ठांचा हा ग्रंथ युक्रेनियनमध्ये २५ सप्टेंबर २००७ रोजी, म्हणजे ६६ दिवसांत छापून दुकानांत आला. कोणत्याही भाषेतला तो पहिला अधिकृत अनुवाद ठरला. रशियन आवृत्ती ऑक्टोबरमध्ये निघाली. अनुवाद, संपादन, मुद्रिततपासणी, छपाई आणि बांधणी या सगळ्यांसाठी मिळून मिळालेला हा अवधी ध्यानात घेता मजकुराचा दर्जा टिकून राहणे हे त्या चमूचे मोठेच यश म्हणावे लागेल. ज्या भाषेत अनुवाद छापणे १८७६ मध्ये गुन्हा ठरले होते, त्या भाषेतील मुलांना जगातल्या इतर कोणत्याही परभाषिक मुलांच्या आधी हे पुस्तक आपल्या भाषेत वाचायला मिळाले.

‘हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड’ या नाटकाचा युक्रेनियन अनुवादही मोरोझोव्ह यांनीच केला असून तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.