अज्ञान मुलाचे उत्पन्न आणि पालकांचा प्राप्तिकर

१९२२ च्या भारतीय प्राप्तिकर कायद्यात सुरुवातीला मुलाच्या नावावरचे उत्पन्न मुलाचेच धरले जाई आणि त्याची आकारणीही वेगळी होई. उत्पन्न वाढेल तसा कराचा दर चढत असल्याने, एकाच घरातले उत्पन्न चार नावांवर वाटले की एकूण कर घटे. १९३२ च्या भागीदारी कायद्यातील कलम ३० प्रमाणे अज्ञान मुलाला भागीदार होता येत नाही. मात्र इतर भागीदारांच्या संमतीने त्याला नफ्यात वाटा देता येतो. त्यामुळे पाळण्यातल्या बाळाच्या नावेही पेढीच्या वहीत नफा जमा होऊ शके.

१९३६ च्या प्राप्तिकर चौकशी अहवालाने या नामधारी वाटण्यांवर बोट ठेवले. पुढच्याच वर्षी कायद्यात कलम १६(३) आले. पालक ज्या पेढीत भागीदार आहे तिच्यातला अज्ञान अपत्याचा वाटा आणि पालकाने पुरेसा मोबदला न घेता अपत्याला दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न, दोन्ही पालकाच्या उत्पन्नात मिळवली जाऊ लागली. पत्नीच्या बाबतीतही तसाच नियम झाला.

एकाच्या उत्पन्नावर दुसऱ्याने कर का भरावा, हा प्रश्न अकोल्याच्या प्राप्तिकर अधिकाऱ्याविरुद्धच्या ‘बालाजी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९६१ च्या निकालात न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली: करचुकवेगिरी रोखणे हा कर बसवण्याच्या अधिकाराचाच भाग आहे.

१ एप्रिल १९६२ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हाच नियम कलम ६४ मध्ये आला. १९७५ च्या दुरुस्तीने, पालक भागीदार नसलेल्या पेढीतला अपत्याचा वाटाही त्याच्या कक्षेत ओढला. तरी आजोबांनी नातवाच्या नावे ठेवलेल्या मुदत ठेवीचे व्याज बाहेरच राहिले.

ही वाट १९९२ च्या वित्त कायद्याने बंद केली. १९९३-९४ या आकारणी वर्षापासून कलम ६४(१अ) लागू झाले आणि पैसा कोणी दिला हा प्रश्नच उरला नाही. त्या वर्षी करमाफीची मर्यादा २८,००० रुपये आणि सर्वांत वरचा दर ४० टक्के होता. पूर्वीच्या पद्धतीने मुलाच्या नावावरचे २८,००० रुपयांचे व्याज करमुक्त राहिले असते. तेच ४० टक्के दराच्या पालकाच्या उत्पन्नात धरले की, प्रत्येक अपत्यामागे मिळणारी १,५०० रुपयांची सूट वजा करूनही, अधिभार सोडून १०,६०० रुपये कर होई. सुटीची ही रक्कम १९६१ च्या कायद्यात अखेरपर्यंत तेवढीच राहिली.

हे उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्या विवरणपत्रात दाखवायचे. विवाह टिकलेला नसेल, तर अपत्याचा सांभाळ करणाऱ्याच्या. मात्र मुलाने अंगमेहनतीने, कौशल्याने किंवा कलागुणांनी मिळवलेला पैसा त्याचाच राहतो. बालकलाकाराच्या मानधनाची आकारणी म्हणूनच स्वतंत्र होते आणि विवरणपत्र त्याच्या वतीने पालक भरतो. पण त्या मानधनाची ठेव केली, की तिचे व्याज पुन्हा पालकाकडे जाते. कलम ८०-यू मध्ये येणारे अपंगत्व असलेल्या अपत्यांना १९९४ च्या वित्त कायद्याने या नियमातून वगळले. मुलाच्या नावावर ठेवलेला पैसा आणि मुलाने कमावलेला पैसा यांतला हा न्याय्य फरक २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही कायम आहे. वयाला १८ वर्षे पूर्ण झाली, की त्यानंतरच्या उत्पन्नाचा हिशेब अपत्य स्वतःच्या नावे देते.