एकसष्टच्या पोटातला अब्ज

कोडे साधे दिसते. एका पूर्ण संख्येचा वर्ग घ्यावा, त्याला ६१ ने गुणावे आणि त्यात १ मिळवावा. येणारी संख्याही पूर्ण वर्ग असली पाहिजे. ६१ ऐवजी ६० असते तर ४ ने काम भागते: १६ × ६० + १ = ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ असते तर ८ पुरते. मधल्या ६१ साठी मात्र, शून्य वगळता, सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे आणि वर्गमूळ येते १,७६,६३,१९,०४९. एक अब्ज शहात्तर कोटींहून अधिक!

इ.स. १६५७ मध्ये फ्रान्सच्या फेर्माने हेच ६१ समकालीन गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवले. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास बीजगणितात ते सोडवून दाखवले होते.

त्यांची वाट पाहण्यासारखी आहे. ३९ चा वर्ग ५ च्या वर्गाच्या ६१ पटीहून ४ ने कमी भरतो. या किरकोळ जवळिकीतून ‘भावना’ नावाच्या रीतीने पुढे सरकत २९,७१८ पर्यंत पोहोचता येते; तिचा वर्ग ३,८०५ च्या वर्गाच्या ६१ पटीहून फक्त १ ने कमी आहे. आता २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट करून १ मिळवा. तीच आपली अब्जाची संख्या. हाताने करून पाहावे, अर्धे पान पुरते.

श्रेयाबाबत मात्र तोल हवा. भावना ब्रह्मगुप्ताची, इ.स. ६२८ ची. चक्रवाल पद्धत भास्कराचार्यांपूर्वी जयदेवाने मांडली होती. ती दरवेळी उत्तरापर्यंत पोहोचतेच, याची सिद्धता त्यांच्या ग्रंथात नाही. गुणक स्वतः पूर्ण वर्ग नसेल तर असे उत्तर नेहमी असतेच, हे अठराव्या शतकात लाग्रांजने सिद्ध केले. ‘सगळे आपल्याकडेच होते’ म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे. उलट, या समीकरणाला युरोपात पेलचे नाव मिळाले ते ऑयलरच्या गैरसमजातून. पेलचा त्याच्याशी फारसा संबंधच नव्हता. कोलब्रुकचे इंग्रजी भाषांतर आले १८१७ मध्ये, तोवर नाव रुळून गेले होते.

भास्कराचार्य स्वतःचे गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड असे सांगतात. ते कोणते, यावर वाद आहे. आम्हा धाराशिवकरांच्या शेजारच्या बीडचेही नाव घेतले जाते. घराण्याचा ठोस पुरावा सापडतो तो चाळीसगावजवळच्या पाटणला. तेथील १२०७ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने तेथे मठ स्थापला. संस्कृत लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. त्यात मठासाठी पाटणच्या बाजारातील मालावरचा राजाचा हिस्सा लावून दिल्याची नोंद आहे.