आगगाडीच्या डब्यातील दिवा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्याला आली ती भर उन्हाच्या वेळी. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे आणि २१ मैलांची वाट. त्या दुपारी डब्यात दिवा असला काय अन् नसला काय, कुणाचे अडणार नव्हते. दिव्याची खरी गरज लागली पुढच्या वर्षी. १ मे १८५४ ला लोहमार्ग ठाण्याची खाडी ओलांडून, कळव्याच्या अंगाने कल्याणला पोचला. वाटेत मुंब्र्याचा डोंगर आडवा होता, तेव्हा बोगदे खणावे लागले. पुढे १९१६ साली पारसिकचा बोगदा झाला, तो तर सव्वा किलोमीटरहून लांब. दिवसाढवळ्या मिट्ट काळोख! डबा गच्च भरलेला, शेजारी परके उतारू, कडेवर पोर घेतलेली बाई. अशा ठिकाणी दिव्याला चैन म्हणता येत नाही.

आरंभी गाड्यांत तेलाचे दिवे असत. विलायतेत डब्याच्या छपरालाच भोक ठेवीत आणि रेल्वेचा माणूस टपावर चढून पेटता दिवा वरून आत सोडी. खालच्या वर्गाच्या वाट्याला कधी डब्यामागे एकच दिवा, कधी तोही नाही. तिकीट स्वस्त म्हणून अंधारही पदरात घ्यायचा, हा न्याय तेव्हा कुणाला फारसा खटकत नसावा. मग बर्लिनच्या पिंटश यांचा तेलवायू आला. डब्याखालच्या टाकीत तो दाबून भरत. उजेड चांगला पडे, पण गाडी आपटली की लाकडी डबे धडधडून पेटत. १९१५ साली स्कॉटलंडमधील क्विंटिन्सहिल येथील अपघातात दोनशेहून अधिक माणसे मेली. त्या आगीला या वायूने मोठा हातभार लावला.

विजेचा दिवा डब्यात आला तो १८८१ साली, इंग्लंडात, लंडन ते ब्रायटन जाणाऱ्या गाडीत. तो बॅटरीवर जळे. पण बॅटरी दर वेळी उतरवून भरणार कोण? तेव्हा १८९० नंतरच्या दशकात स्टोन कंपनीने चाकाच्या आसालाच पट्टा लावून डब्याखालचे जनित्र फिरवायचे ठरविले. गाडी धावते आहे तोवर वीज तयार होते, दिवे लागतात, उरलेली बॅटरीत जाते. गाडी थांबली की बॅटरी ती परत देते. ऐकायला सोपे वाटते, पण मेख पुढेच आहे. गाडी जोरात गेली तर जनित्रही जोरात फिरून दिवे जळून जातील! त्यावर तोड अशी काढली की जनित्र टांगते ठेवायचे. ठराविक वेगापुढे पट्टा आपोआप घसरू लागे आणि जनित्राचा वेग तेवढाच राही. गाडी उलटी चालली की विजेची दिशा बदले, त्यासाठी एक स्वयंचलित खटका असे. आपल्याकडील डब्यांतही आसावरचे जनित्र व खालची बॅटरी हीच जोडी पुष्कळ वर्षे चालली. पूर्वी २४ व्होल्ट, नंतर ११० व्होल्ट.

लोकल गाडीची गोष्ट निराळी. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईहून कुर्ल्याला विजेची पहिली गाडी धावली, १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर. अशी वीज ट्रान्स्फॉर्मरने उतरत नाही, म्हणून दिव्यांसाठी गाडीखाली मोटर आणि जनित्र जोडून ठेवावे लागे. २०१६ साली मुंबईतून ती पद्धत पुरती गेली. आता तारेत २५,००० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज असते. पण तारेचे दोन भाग जिथे वेगळे होतात, तिथे मधला तुकडा बिनविजेचा ठेवलेला असतो. तेवढ्यात गाडीचे दिवे क्षणभर जातात, आणि बॅटरीवरचे मोजके दिवे तेवढे तग धरतात. कळव्याच्या कारशेडमध्ये लोकलची निगा राखतात, त्यात ही बॅटरीही आली.

शिक्षकमंडळींना हे सारे वर्गात टेबलावर दाखविता येईल. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांच्या छंदातून छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ साली उभे राहिले, तसल्या गाडीचा एक डबा पुरे. रुळांतून १२ व्होल्टची वीज चाकांवाटे आत येते. नुसता एलईडी जोडाल तर दोन अडचणी दिसतील. धूळ आली की तो लुकलुकतो, आणि गाडी उलटी चालविली की विझतो. उलट दिशेवर चार डायोडांचा चौक हा उतारा. तोच आपला स्टोनचा खटका. लुकलुक थांबवायला १००० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा कपॅसिटर चौकानंतर लावा; तो बॅटरीचे काम करील. दिव्याच्या ओळीत हजार ओहमचा रोधक हवाच. मग गाडी थोडी उचलून चाके रुळांवरून सुटी करा आणि मुलांना मोजायला सांगा, दिवा किती वेळ टिकतो ते. सेकंदभर तरी तो हळूहळू मंद होत राहतो.